रोज रात्री थंड पडणारा दांडा: एका ग्रँड पियानोच्या आर्द्रता नियंत्रणाचं प्रकरण

एका संगीतशाळेच्या सभागृहातला सुमारे सहा फुटी ग्रँड पियानो. तक्रार अशी, की ट्यूनिंग टिकत नाही. दमट महिन्यांत मधली सप्तकं चढतात आणि काही पट्ट्या दाबल्यावर वर यायला वेळ लावतात. कोरड्या महिन्यांत तेच स्वर उतरतात, पट्ट्या खडखडतात आणि ट्यूनिंग पिना हाताला सैल लागतात. आधी येऊन गेलेल्या एका तंत्रज्ञाने पिनब्लॉक, म्हणजे ट्यूनिंग पिना धरून ठेवणारी लाकडी फळी, गेल्याचं सांगून तो बदलायचा सल्ला दिला होता. पिनब्लॉक बदलायचा म्हणजे सगळ्या तारा उतरवायच्या, लोखंडी प्लेट उचलायची आणि पियानो दीर्घकाळ कार्यशाळेत ठेवायचा. एवढा मोठा निर्णय घेण्याआधी दुसरं मत हवं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

शाळेच्या प्रमुख बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "आर्द्रतेचं यंत्र आधीपासून बसवलेलं आहे. त्यामुळे तो प्रश्न नसावा."

पियानोखाली शिरल्यावर दिसलं ते असं: एका तुळईला स्क्रूने अडकवलेला एकच गरम होणारा दांडा, आणि त्याची वायर पायाला चिकटपट्टीने बांधून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत नेलेली. आर्द्रता ओळखून चालू-बंद करणारा नियंत्रक नव्हता, पाण्याची टाकीही नव्हती. दांडा हाताला कोमट लागला, म्हणजे चालू होता. हॉल सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "काका, हा सॉकेट कायम चालू असतो ना?" ते म्हणाले, "नाही हो. दिव्यांचा मेन बंद केला की ही सगळी बाजू जाते. रात्री काहीच चालू ठेवायचं नाही, असा नियम आहे."

म्हणजे वर्षभर, कोरडे दिवस असोत की दमट, दांडा दिवसा तापत होता आणि रात्री थंड पडत होता.

दांडा नेमकं काय करतो

या दांड्याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: तो हवेतलं पाणी शोषून घेतो. तसं काही होत नाही. तो एक कमी वॅटचा हीटर आहे. हवा थोडी तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि सापेक्ष आर्द्रता खाली येते. हवेतलं पाणी होतं तेवढंच राहतं. 25 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेची हवा 28 अंशांवर नेली, तर आर्द्रता साधारण 63 टक्क्यांवर येते. दमट दिवसांत हे हवंच असतं. पण कोरड्या दिवसांत, समजा खोलीत 22 अंश आणि 30 टक्के आर्द्रता आहे. तीच हवा साउंडबोर्डखाली, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या पातळ फळीखाली, 25 अंशांवर गेली की आर्द्रता 25 टक्क्यांवर घसरते. आधीच कोरड्या पडलेल्या लाकडाला आणखी कोरडं करायचं काम हा दांडा इमानाने करत होता.

लाकूड या आकड्यांना कसं उत्तर देतं, ते समजलं की पुढचं सगळं समजतं. 30 टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेल्या लाकडात वजनाच्या साधारण 6 टक्के ओलावा असतो, 42 टक्क्यांवर साधारण 8 आणि 75 टक्क्यांवर सुमारे 14. साउंडबोर्ड म्हणजे जेमतेम 8-9 मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी, जराशी फुगीर बाक दिलेली. ओलावा वाढला की ती रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. कडा घट्ट बसवलेल्या असल्यामुळे बाक वाढतो, ब्रिज (फळीवरची, तारा टेकतात ती लाकडी पट्टी) वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि स्वर चढतो. कोरडं झालं की सगळं उलट. मोठ्या ब्रिजच्या खालच्या टोकाकडच्या तारा, म्हणजे खर्जाच्या तारा संपून साध्या पोलादी तारा सुरू होतात तो भाग, सगळ्यात जास्त हलतो. म्हणूनच ऋतू बदलल्यावर अख्खा पियानो सारखा चढत किंवा उतरत नाही. मधला भाग पुढे जातो, वरची सप्तकं मागे राहतात, आणि कानाला पियानो बेसूर लागतो.

पिनब्लॉकचंही तेच. थरांच्या कडक लाकडाची ती फळी कोरडी झाली की पिनांवरची पकड सैल होते, दमटपणात पुन्हा आवळते. कोरड्या महिन्यात एकदाच येऊन पिना तपासणाऱ्या माणसाला पिनब्लॉक मेलेला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. टॉर्क रेंच, म्हणजे पिन फिरवायला किती जोर लागतो ते मोजणारा पाना, लावून पाहिलं तेव्हा बहुतेक पिना कामचलाऊ पकड देत होत्या, मधल्या भागातल्या थोड्या मात्र खरंच ढिल्या होत्या. हवा स्थिर झाल्याशिवाय पिनब्लॉकचा निकाल द्यायचा नाही, हे माझं ठाम मत आहे आणि बाईंना तेच लेखी दिलं.

आधी मोजणं

स्क्रू मारण्याआधी हवा मोजली पाहिजे, आणि मोजमाप एका भेटीतल्या एका आकड्यावर थांबू नये. नोंद ठेवणारे छोटे आर्द्रतामापक मिळतात. तीन लावले: एक साउंडबोर्डखाली दोन तुळयांमधल्या गाळ्यात, एक वर झाकणाखाली प्लेटवर आणि एक हॉलमध्ये पियानोपासून दूर. लावण्याआधी तिघांची मिठाने परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात ओला लगदा होईल इतकंच पाणी, आणि ते मापकांसोबत हवाबंद डब्यात रात्रभर. डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. मापक जो फरक दाखवेल तो कागदावर लिहून त्यावर चिकटवायचा. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, आणि चुकीच्या आकड्यावर उभारलेली चांगली यंत्रणाही चुकीचीच ठरते.

नोंदी वाचताना दोन गोष्टी समोर आल्या. हॉलची आर्द्रता हळूहळू वर-खाली होत होती, पण साउंडबोर्डखालची रेघ रोज करवतीच्या दात्यांसारखी होती: सकाळी दिवे लागले की खाली, रात्री मेन बंद झाला की वर. शिवाय दुपारी वातानुकूलन सुरू असताना प्लेटवरचा मापक अचानक खाली जाई. वर पाहिलं तर हवेची जाळी थेट पियानोच्या शेपटीवर रोखलेली. दांडा नसता तरी त्या जाळीने बराच त्रास दिला असता.

त्यामुळे पहिली दोन कामं पियानोच्या बाहेरची होती. पियानो जाळीच्या झोतातून बाजूला सरकवला आणि जाळीची पाती वळवली. नंतर शाळेच्या वायरमनकडून दिव्यांच्या मेनशी संबंध नसलेली, अर्थिंग असलेली स्वतंत्र लाइन आणि पियानोच्या पायाजवळ सॉकेट करून घेतला. सॉकेटच्या बटणावर झाकण बसवलं. काकांना कारण सांगितल्यावर त्यांनीच सुचवलं, "रात्रीच्या फेरीच्या यादीत 'हे बंद करू नये' असं लिहून टाका, म्हणजे माझ्या जागी दुसरा कोणी आला तरी अडचण नाही." कुठलीही यंत्रणा बसवताना हॉल रोज बंद करणाऱ्या माणसाशी बोलणं हे कामाचाच भाग धरावं.

काय बसवलं

पूर्ण यंत्रणेचे चार भाग असतात: हवा कोरडी करणारे दांडे, दमटपणा देणारी टाकी, दोन्हीच्या मध्ये बसलेला नियंत्रक आणि समोरून दिसणारी दिव्यांची पट्टी. पियानोसाठी अशी यंत्रणा बनवणारी अमेरिकेतली डॅम्प-चेसर ही जुनी कंपनी आहे. तिच्या यंत्रणेचा नियंत्रक 42 टक्क्यांच्या आसपास ठरवूनच येतो, त्याला फिरवायचं बटण नसतं. हे मला फार योग्य वाटतं, कारण बटण असलं की प्रत्येक जण ते फिरवतो. टाकीत एक छोटा हीटर असतो. त्याच्यावर शोषक पॅड टाकलेले असतात आणि पॅडची टोकं पाण्यात बुडलेली असतात. पाणी वर चढतं, ऊब मिळाली की वाफ होऊन गाळ्यात पसरतं. नियंत्रक हवा कोरडी झाली की वीज टाकीकडे वळवतो, दमट झाली की दांड्यांकडे. दिव्यांत हिरवा म्हणजे वीज आहे, पिवळा म्हणजे पाणी घाला, लाल म्हणजे पॅड बदलायची वेळ झाली.

पियानोखालच्या कामाला अवजारं फार लागत नाहीत, पण नेमकी लागतात. डोक्याला लावायचा दिवा. डोळ्यांवर चष्मा, कारण उताणं पडून भोक पाडताना भुसा थेट डोळ्यांत येतो. कमी ताकदीचं बॅटरीवरचं ड्रिल, आखूड स्क्रू ड्रायव्हर, आणि तुळई व पेडलच्या दांड्यांमध्ये शिरेल असा काटकोनी रॅचेट. पडलेला स्क्रू उचलायला लांब दांडीचं चुंबक. मोजपट्टी, पेन्सिल, जाड पुठ्ठा. वायर अडकवायला स्क्रूने बसणाऱ्या क्लिप आणि केबल टाय. चिकटपट्टी अजिबात नको, उबेने तिचा गोंद सुटतो. शिवाय एक व्हॅक्यूम क्लीनर, कारण बऱ्याच वर्षांची धूळ तुळयांवर साठलेली असते आणि हीटर तिच्या शेजारी बसणार असतो.

काम सुरू करण्याआधी पुठ्ठ्यातून टाकीच्या आकाराचा तुकडा कापला, तुळयांना धरला आणि एका विद्यार्थ्याला तिन्ही पेडल आळीपाळीने पूर्ण दाबायला सांगितलं. पेडलच्या यंत्रणेतले खालचे लीव्हर वाटतं त्यापेक्षा जास्त हलतात. टाकी आधी ठरवलेल्या जागी बसवली असती तर उजव्या पेडलचा लीव्हर तिच्या कडेला घासला असता, म्हणून ती एक गाळा मागे गेली. तिथून पेडलचा सांगाडा पुढे कधी काढायचा झाला तरी टाकी आड येणार नाही, हेही पाहून घेतलं.

आता भोकांबद्दल. ग्रँडखाली दिसणाऱ्या जाड तुळयांच्या वर, थोडं अंतर सोडून, साउंडबोर्डच्या पातळ फासळ्या आणि मग साउंडबोर्ड असतो. स्क्रू फक्त तुळईत जायचा. फासळीत नाही, साउंडबोर्डमध्ये तर नाहीच नाही. ड्रिलच्या बिटवर स्क्रूच्या लांबीपेक्षा थोडी कमी खोली मोजून रंगीत टेप गुंडाळली, आणि टेप लाकडाला लागली की थांबायचं हा नियम ठेवला. भोक स्क्रूच्या गाभ्यापेक्षा जरा लहान. शेवटची आवळणी मशीनने न करता हाताने. जुनं लाकूड एका जादा झटक्याने पिळवटतं आणि तो स्क्रू मग कधीच धरत नाही. जुना दांडा काढल्यावर तुळईत राहिलेली भोकं पुन्हा वापरली नाहीत.

दोन दांडे बसवले, एक खर्जाकडच्या गाळ्यात आणि एक वरच्या स्वरांकडच्या. लाकडाला न टेकता, कंपनीने दिलेलं अंतर राखून. मध्ये टाकी. तिची पाणी घालायची नळी बाजूच्या कडेपर्यंत आणली, म्हणजे पाणी घालायला कोणाला खाली वाकावं लागणार नाही. पाणी घालणं अवघड असलं की लोक ते टाळतात, आणि टाकी कोरडी पडली की निम्मी यंत्रणा बंद.

नियंत्रकाची जागा

सगळ्यात जास्त वेळ नियंत्रकावर गेला, आणि तो जायलाच हवा. दांडे थोडे इकडेतिकडे झाले तर चालतं. नियंत्रक चुकीच्या जागी बसला की बाकी सगळं बिनचूक असूनही पियानो चुकीच्याच हवेत राहतो. तो दांड्याच्या थेट वर असेल तर वर येणारी उबदार, कोरडी हवाच त्याला भेटते. त्याला वाटतं सगळंच कोरडं आहे, आणि तो टाकी सुरू करतो. तिकडे साउंडबोर्ड आणखी दमट होत जातो. पॅडच्या शेजारी असेल तर उलट चूक होते. बाहेरच्या कडेला असेल तर त्याला हॉलची हवा कळते, गाळ्यातली कळत नाही.

म्हणून तो दोन दांड्यांपासून आणि टाकीपासून शक्य तितक्या सारख्या अंतरावर, मधल्या गाळ्यात, साउंडबोर्डच्या जवळ पण त्याला न टेकता अडकवला. आधी केबल टायने तात्पुरता टांगला आणि त्याच्या अगदी शेजारी एक नोंदमापक ठेवला. दुसरा मापक गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे राहिले, तेव्हाच पक्का स्क्रू मारला. पहिल्या जागी खर्जाकडच्या दांड्याची ऊब त्याच्यापर्यंत पोचते, हे मापकांच्या फरकावरून लगेच दिसलं होतं. हाताला ती ऊब मुळीच जाणवत नव्हती.

चाचणीची एक साधी रीत: नियंत्रकाच्या जाळीवर तोंडाने दमट श्वास सोडायचा. तो दमटपणा ओळखून दांड्यांकडे वीज वळवतो, आणि थोड्या वेळाने दांडे हाताला कोमट लागतात. श्वासाचा ओलावा ओसरला की खोलीच्या हवेप्रमाणे तो परत टाकीकडे येतो. दोन्ही बाजू अशा चालताना पाहिल्याशिवाय खालून उठू नये.

नंतर तुळयांच्या खाली कापडाचं आवरण ताणून लावलं. आत तयार केलेली हवा हॉलमध्ये निघून जाऊ नये एवढंच त्याचं काम, पण त्याच्याशिवाय मोठ्या हॉलमधली यंत्रणा रात्रंदिवस राबूनही मागे पडते. शाळेतल्या वादन शिकवणाऱ्या सरांना आवाज दबेल अशी शंका होती. आवरण लावून आणि काढून त्यांनीच वाजवून पाहिलं. झाकण उघडं असताना समोरून फरक कळत नाही, असं त्यांचं मत पडलं. माझ्या कानाला वादकाच्या जागेवर किंचित फरक जाणवतो, आणि स्थिर सुरासाठी तो मी आनंदाने पत्करेन.

शेवटी खालून वरपर्यंत एकेक पट्टी जोरात वाजवून खरखर शोधली. एका स्वराला वायरची क्लिप थरथरत होती. तिच्याखाली फेल्टचा तुकडा घातला. हे न करता गेलं तर तक्रार "पियानो झणझणतो" अशी येते आणि कोणी वायरकडे पाहत नाही. मुख्य वायर पायाला सैल वळसा देऊन बांधली, पियानो थोडा सरकला तरी ताण येऊ नये म्हणून. पूर्ण हलवायचा असेल तर आधी प्लग काढावा, अशी चिठ्ठी पायाच्या आतल्या बाजूला लावली.

ट्यूनिंगला घाई नको

यंत्रणा सुरू झाली त्याच दिवशी ट्यूनिंग करून द्या, असा आग्रह झाला. तो मानला नाही. तारांमधला एकूण ताण अठरा-वीस टनांच्या घरात असतो आणि त्याखालची फळी आता नव्या ओलाव्याकडे हळूहळू सरकणार असते. लाकडाला आपला ओलावा बदलायला आठवडे लागतात. मधल्या काळात नोंदी पाहत राहायचं. साउंडबोर्डखालची रेघ सपाट झाली, चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या दरम्यान स्थिरावली, आणि करवतीचे दाते गेले, तेव्हा ट्यूनिंग केलं. मधला भाग इतका उतरला होता की आधी एक ढोबळ फेरी करून तो वर आणावा लागला आणि मग बारीक काम.

त्यानंतर हॉलमध्ये दमट आणि कोरडे असे दोन्ही ऋतू येऊन गेले. मधल्या सप्तकांचा सूर आता अगदी थोडा सरकतो. वीसेक सेंटच्या आसपास होणारी उलथापालथ चार-पाच सेंटवर आली (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पट्ट्यांची सुस्ती जवळजवळ गेली. हॅमरच्या, म्हणजे तारेवर आदळणाऱ्या हातोड्यांच्या, सांध्यांमधलं लोकरी अस्तर दमटपणात फुगून पिनेला आवळतं, ते आता होत नाही.

सगळं मात्र सुटलं नाही. यंत्रणा खालून काम करते. प्लेटच्या वरच्या तारा आणि ट्यूनिंग पिनांपर्यंत तिचा परिणाम कमी पोचतो. त्यामुळे वापर नसताना झाकण बंद ठेवायचं आणि तारांवर लोकरी आच्छादन टाकायचं, असं शाळेने ठरवलं. साउंडबोर्डमध्ये कोरडेपणामुळे पडलेली एक केसाएवढी चीर आहे. ती भरून येणार नाही, पण वाजताना आवाज करत नाही, म्हणून तिला हात लावला नाही. हवा स्थिर झाल्यावर पिना पुन्हा मोजल्या. बहुतेक सावरल्या होत्या. मधल्या भागातल्या ज्या थोड्या खरंच ढिल्या होत्या, त्या काढून एका मापाने जाड पिना घातल्या. पिनब्लॉक बदलायचा विचार रद्द झाला.

देखभालीची जबाबदारी काकांनी स्वतःहून घेतली. पिवळा दिवा लागला की पाणी, आणि त्यात कंपनी देते तेच पॅड स्वच्छ ठेवणारं द्रव. सुगंधी तेल किंवा जंतुनाशक काहीही नाही. पॅड क्षारांनी कडक झाले की पाणी वर चढत नाही, म्हणून लाल दिवा लागल्यावर ते बदलायचे, आणि दिव्याची वाट न पाहता दर ट्यूनिंगला एकदा हाताने चाचपून पाहायचे.

त्याच शाळेच्या सरावाच्या खोलीत एक अपराइट, म्हणजे उभा पियानो, आहे, तोही पुढच्या यादीत आला. त्याचं गणित वेगळं: यंत्रणा खालच्या पुढच्या फळीच्या आत बसते, टाकी पट्ट्यांच्या तळाखाली टांगली जाते आणि पेडलच्या काठ्यांपासून जपावं लागतं. पाठ उघडी असल्यामुळे तिला कापडाचं आवरण घालावं लागेल. तो पियानो सध्या बाहेरच्या भिंतीला चिकटून उभा आहे. तिथेही पहिलं काम नोंदमापक लावायचंच केलं आहे.